तारखेला सोबत कोण येणार? (बाल न्याय मंडळात केस असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी धागा)

भाच्याची_आत्या

लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं, आज लिहितेच. माझ्या भावाच्या मुलाची केस बाल न्याय मंडळात चालली, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या गुन्ह्यांच्या केस जिथे चालतात, सगळे ज्याला जेजे बोर्ड म्हणतात तिथे. आता संपली, त्यालाही दीड वर्ष झालं. गुन्हा काय होता, कुठे, कधी हे मी लिहिणार नाही आणि प्लीज कोणी विचारूही नका. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, त्याची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला हे केस संपत आल्यावर कळलं, आणि तोवर आमच्या पोराचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरून झाला होता. टाकणारा शेजारीच, वाईट माणूस नाही, त्याला वाटलं आपण लोकांना सावध करतोय.

धागा कायद्याबद्दल नाही, घरच्यांबद्दल आहे. मुलासाठी निदान कागदावर तरी माणसं ठरलेली असतात, बोर्डात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते (त्यातली किमान एक बाई), मग परिविक्षा अधिकारी (पीओ, मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला देणारे), निरीक्षणगृहात (म्हणजे रिमांड होममध्ये) समुपदेशक. आईबापांसाठी कोण असतं? आमच्यासाठी कोणी नव्हतं. पहिल्या तारखेला भाऊ आणि वहिनी सकाळी दहाला जाऊन उभे राहिले ते तीनपर्यंत उभेच, कारण कुठे बसायचं, कोणाला विचारायचं, नाव कोण पुकारणार काहीच माहीत नाही. वहिनीने छातीशी फाइल धरलेली, तिच्यात पोराची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. तिला वाटत होतं की साहेबांनी ती बघितली तर त्यांना कळेल की पोरगा असा नाहीये. कोणी मागितली नाहीत, आणि ती फाइल तिने नंतर प्रत्येक तारखेला नेली.

मुलाच्या आईवडिलांनाही आत जायचं असतं, बोलायचं असतं, मुलासकट त्यांना प्रत्येक टप्प्यावर समजेल असं सांगून सहभागी करून घेणं हे मंडळाचंच काम आहे (कलम ८). आम्हाला ते माहीत नव्हतं म्हणून पहिल्या दोन तारखा दाराबाहेर गेल्या.

आणि बाहेरचं जग. नातेवाईकांचे फोन आधी सारखे यायचे मग एकदम बंद. भावाने कामावर खोटं सांगून सुट्ट्या घेतल्या, आजी आजारी आहे म्हणून, आणि खरोखर आजी आजारी पडली तेव्हा सांगायला कारणच उरलं नाही. धाकटी भाची तेव्हा सहावीत. तिच्याकडे आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं, सगळे त्याच्यामागे. तिच्या बाईंनी एक दिवस वहिनीला थांबवून विचारलं की ही आता वर्गात हात वर का करत नाही, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वर्गातल्या मुलींनी तिला विचारलं होतं, तुझा भाऊ जेलमध्ये आहे ना. तिने घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मदत कोणी केली सांगते. खालच्या मजल्यावरच्या एक काकू, फारशी ओळखही नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढची तारीख कधी? मी येते." आल्या, बाकावर बसल्या, पाण्याची बाटली पुढे केली, एकही प्रश्न विचारला नाही, सल्ला नाही. वहिनी मला नंतर म्हणाली की त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं मी गुन्हेगाराची आई नाही, मी नुसती आई आहे.

तेव्हापासून मी तेच करते. वकील नाही मी, समाजसेविका नाही. महिन्यातून दोनतीनदा ओळखीतून कोणाचं तरी कळतं आणि मी त्यांच्याबरोबर जाऊन बाहेर बसते. पण मी एकटी कुठेकुठे पुरणार. म्हणून विचारतेय, कोणाकोणाला असं जमेल? आणि जे यातून गेलेत त्यांनी लिहा, त्या वेळी काय हवं होतं आणि काय मिळालं नाही. नावं-गावं नकोत.

सातवी_ब

आत्या, वाचून गलबलून आलं. मी शिक्षिका आहे, अशा दोन मुलांच्या वेळी शाळेत होते. पहिल्या वेळी आम्ही चुकलो हे कबूल करते. पालकांना बोलावून "तुम्हीच दाखला काढून घ्या, बाकीच्यांच्या दृष्टीने बरं" असं सांगितलं गेलं, मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले. मुलगा आठवीत होता. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही, हे मला शिक्षिका असून त्या क्षणी सुचलं नाही. ते पालक भांडले नाहीत, मान खाली घालून सही करून गेले. शरमेत असलेला माणूस हक्क मागत नाही हो.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघीचौघींनी ठरवून वेगळं केलं. मुलगा महिनाभराने परत आला तेव्हा बुडालेला अभ्यास एका वहीत लिहून तयार ठेवला होता, आणि वर्गाला फक्त एवढंच सांगितलं की तो काही दिवस नव्हता, आता आलाय. बस्स. बेंचही तोच. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर विसरतात, आपण आठवण करून दिली नाही तर.

भाचीबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं, भावंडांकडे आम्हीही बघत नाही.

रात्रपाळी

रात्रीचे पावणेबारा झालेत, कुठे लिहावं कळत नाही म्हणून इथे लिहितोय. माझा मुलगा १६ वर्षाचा. संध्याकाळी पोलीस घेऊन गेले, मोटारसायकल चोरी म्हणतात, चार पोरं होती त्यात एक १९ चा आहे. मी ड्युटीवर होतो बायकोचा फोन आला. ठाण्यात गेलो तर सांगतात उद्या या. मुलगा तिथेच आहे. त्याला मारतील का. वकील माझ्या ओळखीचा कोणी नाही. त्याची शाळा [संपादित] आणि आम्ही राहतो [संपादित]. काय करू सांगा कोणीतरी

भाच्याची_आत्या

दादा, आधी एक. तुमच्या प्रतिसादातलं शाळेचं नाव आणि वस्तीचं नाव मी व्यवस्थापकांना सांगून काढायला लावलंय, रागावू नका, पोराच्याच भल्यासाठी. आता तुम्ही एकटे नाही आहात. आत्ता १५१०० ला फोन लावा, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, मोफत वकिलासाठी. मुलांसाठी १०९८ पण आहे. वकीलसाहेब जागे असतील तर प्लीज लिहा.

काळा_कोट

जागा आहे. रात्रपाळी दादा, नीट वाचा आणि जमलं तर आत्ताच परत ठाण्यात जा, एकटे जाऊ नका, शेजारी किंवा भाऊ कोणीतरी घेऊन जा.

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम १०. त्याला ताब्यात घेतल्यावर विशेष बाल पोलीस पथक किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा, शांतपणे विचारा की "बाल कल्याण अधिकारी कोण आहेत, मला त्यांना भेटायचंय." प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावंच लागतं. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे करता येतं, त्यामुळे उद्या सुट्टी आहे हे कारण चालत नाही. बेड्या घालायच्या नाहीत, पोलिसांनी त्याच्यासमोर गणवेशात यायचं नाही, कबुली द्यायला भाग पाडायचं नाही. त्याच्याशी बोलताना तुम्ही हजर राहू शकता, तशी विनंती करा, आवाज न चढवता.

कागद गोळा करा. वयाचा पुरावा सगळ्यात आधी, शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसलं तरच हाडांची तपासणी वगैरे प्रकार येतो. मूळ प्रत हातची सोडू नका, झेरॉक्स द्या.

जामिनाबद्दल. मोठ्यांच्या कोर्टातला हिशेब इथे लावू नका. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हा नियम, नाकारणं हा अपवाद, आणि जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवायही सोडता येतं. नाकारायचा तर तीनच कारणं, तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल, आणि ती कारणं लेखी द्यावी लागतात. बाहेर गेटवर कोणी म्हणेल जामीनदार मी आणतो एवढे द्या, त्याच्या नादी लागू नका. अट पूर्ण करता आली नाही म्हणून पोरगा सात दिवस आतच राहिला तर मंडळाला ती अट बदलण्यासाठी त्याला परत समोर आणावं लागतं.

१९ वर्षांच्या मुलाची केस वेगळ्या कोर्टात चालेल, दोघांची एकत्र चालवता येत नाही (कलम २३). फक्त मुलंच असती तर अशा गुन्ह्यात एफआयआर न करता डायरीत नोंद करून काम चालतं, पण सोबत मोठा माणूस आहे म्हणून एफआयआर होऊ शकतो, घाबरून जाऊ नका. नुसत्या चोरीचं कलम असेल तर कमाल शिक्षा तीन वर्षांची, म्हणजे या कायद्यात किरकोळ गुन्ह्यात बसतं.

आणि कोऱ्या कागदावर सही कोणीही करायची नाही. तुम्ही नाही, मुलाने नाही.

रात्रपाळी

निघतो. मेव्हण्याला उठवलंय

तिसरी_खुर्ची

सकाळी वाचलं. मी एका जिल्ह्यात मंडळाची सामाजिक कार्यकर्ता सदस्य होते, मुदत संपून काही वर्षं झाली. खुर्चीच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

लोक घाबरून येतात आणि आत आल्यावर गोंधळतात, कारण ते कोर्टासारखं दिसत नाही. दिसू नयेच असा नियम आहे, उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, सगळे एका पातळीवर बसतात. शब्दही वेगळे, आरोपी म्हणायचं नाही, अटक म्हणायचं नाही, खटला नाही तर चौकशी. मराठी पेपरात विधिसंघर्षग्रस्त बालक असं येतं, शब्द जड आहे खरा, पण त्याचा अर्थ एवढाच की कायद्याशी या मुलाचा झगडा झालाय, तो अजून गुन्हेगार वगैरे ठरलेला नाहीये.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं परिविक्षा अधिकाऱ्याबद्दल आहे. पीओ घरी येतात, किंवा तुम्हाला बोलावतात, आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितात, ठाण्याकडून कळल्यापासून दोन आठवड्यांत. घरात कोण कोण आहे, कमाई किती, शाळा का सुटली, मित्र कोण, मारहाण होते का, व्यसन कोणाला आहे. मंडळ ज्या कागदावर सर्वात जास्त भर देतं तो हाच. आणि नेमकं इथेच घरचे लोक सगळं छान आहे असं सांगतात. मी असे कितीतरी अहवाल वाचलेत, वडील कष्टाळू, आई प्रेमळ, वातावरण चांगलं, मग मुलगा तीन महिने शाळेत न जाता कुठे होता हे कोणालाच कसं माहीत नाही? खोटं कळतं हो. आणि खरं सांगितलं तर मदत देता येते, बापाची दारू असेल तर उपचाराला पाठवता येतं, आई एकटी असेल आणि रात्री कामाला जात असेल तर मामा-मावशी कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवता येतं. खरी अडचण कागदावर आली तर आदेश त्या अडचणीच्या मापाचा निघतो. नाहीतर समज देऊन घरी, आणि दोन महिन्यांनी तोच मुलगा परत समोर.

भाच्याची_आत्या

ताई हे आमच्याच घरचं लिहिलंत असं वाटलं. माझ्या भावाने पीओ मॅडमना सांगितलं की घरात भांडण वगैरे काही नाही. भिंतीपलीकडे मी राहते, मला माहीत आहे काय होतं ते. मग एक दिवस वहिनी एकटी जाऊन खरं सांगून आली. भाऊ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. पण त्यानंतर आदेशात समुपदेशन आलं ते पोराबरोबर त्याच्या बापालाही, आणि सहा महिने ते दोघं एकाच बाकावर बसून वाट बघायचे. त्या बाकावरच्या गप्पांनी जेवढं केलं तेवढं आत काय झालं त्याने केलं का, मला सांगता येणार नाही.

पलीकडची_बाजू

मला राग आलाय आणि मी लिहिणार आहे, पटलं नाही तर काढून टाका. माझ्या धाकट्या भावाला अशाच "मुलांनी" मारलं. दोन ऑपरेशनं झाली, अजून त्याला उजव्या हाताने नीट लिहिता येत नाही. ती मुलं काही दिवसांत घरी आली, आम्हाला पेपरमधून कळलं. आमच्याकडे कोणती काकू पाण्याची बाटली घेऊन आली? आमच्या आईबरोबर कोण बसलं? सगळा कळवळा त्यांच्याकडेच का?

भाच्याची_आत्या

काढणार नाही, उलट बरं झालं लिहिलंत. तुमच्या आईबरोबर कोणी बसलं नाही ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, आणि आमच्या केसमध्येही पलीकडे एक घर होतं. मी दीड वर्षात त्यांच्या दाराशी गेले नाही, वकिलांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर मला ते सांगणं सोयीचंही वाटलं. ते मनात आहे. मी ज्या बाकावर बसते त्याच बाकावर तुमच्यासारख्यांच्या शेजारीही बसायला हवं, हे मी तुमचं वाचल्यावर आज पहिल्यांदा नीट बोलतेय. तुम्हाला चालणार असेल तर मला निरोप पाठवा, नसेल चालत तरी समजेन.

काळा_कोट

पलीकडची_बाजू, दोन कामाच्या गोष्टी. करणारा अल्पवयीन असला तरी जखमी झालेल्याला पीडित भरपाई योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, बीएनएसएसचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम ३९६ (जुन्या सीआरपीसीचं ३५७ अ). ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि अर्ज कराच, पुष्कळ घरं करतच नाहीत.

आणि बाकीच्या वाचकांसाठी, वकील दुसऱ्या घरी जाऊ नका म्हणतात ते यासाठी की मुलाचे वडील माफी मागायला म्हणून गेले तरी समोरच्याला ते दडपण वाटू शकतं आणि तक्रार झाली तर जामीन अडचणीत येतो. माफी खरी असेल तर ती मंडळापुढे, त्यांच्या परवानगीने.

तिसरी_खुर्ची

यावर न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने एक पद्धत आणली, कुटुंब गट परिषद. मुलगा, त्याचे घरचे, आजी-काका सगळे, पोलीस, आणि यायची इच्छा असेल तर ज्याचं नुकसान झालं तो माणूस किंवा त्याचं कोणी, एका खोलीत बसतात. मग घरच्यांना वेगळं बसायला वेळ देतात आणि भरपाई कशी करायची, मुलावर लक्ष कोण ठेवणार याचा आराखडा त्यांनीच आणायचा. तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी खूप आधीपासून सांगितलं होतं की आमच्या मुलांना घरच्यांपासून तोडून संस्थेत टाकणं थांबवा, त्यातून ते आलं. पीडिताला तिथे बोलता येतं, विचारता येतं की का केलंस. सक्ती नाही. आपल्या कायद्यात अशी परिषद सक्तीने नाही, पण कुटुंबाची जबाबदारी हे तत्त्व कलम ३ मध्ये आहे, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय हेही तिथेच आहे. माझ्या काळात आम्ही दोनदा दोन्ही घरांना विचारून समोरासमोर बसवलं होतं. एकदा उपयोग झाला. एकदा नाही झाला, आणि ते लिहायला हवं म्हणून लिहितेय, त्या मुलीच्या आईला आणखी त्रासच झाला. घाई केली आम्ही.

तेव्हाचा_मी

मी तो मुलगा आहे. म्हणजे आत्यांचा भाचा नाही, दुसरा. सतराव्या वर्षी अडीच महिने निरीक्षणगृहात होतो, लोक रिमांड होम म्हणतात ते. आता २४ चा आहे, काम करतो.

आतलं फार लिहीत नाही. घरच्यांसाठी एक सांगतो, भेटीला या. माझे वडील आले नाहीत, पूर्ण अडीच महिने. आई दर भेटीला यायची आणि रडायची आणि वेळ संपायचा. मला वाटायचं वडिलांनी मला सोडलं. खूप वर्षांनी कळलं की ते गेटपर्यंत यायचे आणि रस्त्यापलीकडे उभे राहायचे, आत यायची हिंमत व्हायची नाही. जर तेव्हा कोणी त्यांच्याबरोबर असतं ना, एक माणूस, जो म्हणाला असता चला मी येतो आत, तर माझी पुढची चार वर्षं वेगळी गेली असती. म्हणून आत्यांचा धागा वाचून खातं उघडलं.

दुसरं, नोकरीचं. पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी माझी झोप उडाली होती. कलम २४ आणि ७४ वाचा सगळ्यांनी. केस बंद झाली असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती माहिती द्यायचीच नाही असं कायदाच म्हणतो, आणि या कायद्याखाली दोषी ठरलं तरी त्यामुळे अपात्रता लागत नाही (सोळा वर्षांपुढच्या मुलाला अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने, म्हणजे मंडळाने नाही तर त्याहून वेगळ्या कोर्टाने, दोषी ठरवलं असेल ते सोडून). मला हे एका वकील मॅडमनी सांगितलं, फी न घेता, आणि एक पत्र लिहून दिलं. तोपर्यंत मी दोन ठिकाणचे फॉर्म भरलेच नव्हते भीतीने.

सातवी_ब

रस्त्यापलीकडचे वडील वाचून पुढे वाचता येईना. तुम्ही खातं उघडलंत त्याबद्दल खूप खूप आभार.

मध्यरात्रीचा_वाचक

इतके दिवस फक्त वाचत होतो. माझ्या पुतण्याचं प्रकरण वेगळं आहे, तो १७ ती १६, दोघांचं प्रेम होतं, पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली आणि पोक्सो लागला, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. आता सगळे म्हणतात मोठ्यांसारखी केस चालणार. आमच्या घरात कोणी जेवत नाही. हे खरं आहे का?

काळा_कोट

आपोआप नाही. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा या कायद्यात अतिगंभीर धरतात, पोक्सोची काही कलमं त्यात बसतात म्हणून तुम्हाला तसं सांगितलं असेल. मुलगा १६ पूर्ण असेल तर मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं, त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजायची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती. ही चौकशी आहे, निकाल नाही, त्यात मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते, आणि त्यानंतर मंडळ केस स्वतःकडे ठेवू शकतं किंवा बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. पाठवली तरी बाल न्यायालय पुन्हा स्वतः बघतं. त्या आदेशावर अपीलही आहे. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप कोणत्याच मुलाला देता येत नाही. पण या टप्प्यावर अनुभवी वकील हवाच, थांबू नका. आणि मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी कोणीही संपर्क करू नका, फोन नाही, मेसेज नाही, मैत्रिणीकडून निरोपही नाही.

तिसरी_खुर्ची

आणि घरी पुतण्याला पुन्हा पुन्हा "तू का केलंस" विचारू नका. त्याला हे मूल्यांकनात विचारलं जाणारच आहे. घरात त्याच्याशी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. त्या मुलीचीही घरात काय अवस्था असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

रात्रपाळी

काल लिहायला जमलं नाही माफ करा. त्या रात्री मेव्हणा आणि मी गेलो, वकील साहेबांनी लिहिलं तसंच बोललो, बाल कल्याण अधिकारी कोण विचारलं तर ड्युटीवरच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग बसायला खुर्ची दिली. मुलाला वेगळ्या खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डापुढे नेलं. मोफत वकील मिळाले. जामीन झाला, दर आठवड्याला पीओंकडे हजेरी लावायची आहे. १९ वर्षाचा मुलगा आत आहे, त्याची आई एकटीच आहे आणि तिला कोणी काही सांगत नाहीये.

बोर्डात आमच्याबरोबर कोण आलं माहीत आहे का. आत्याताई. मी निरोप पाठवला आणि त्या दोन बस बदलून आल्या. बायको त्यांचा हात सोडत नव्हती.

मुलगा घरी आल्यापासून बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी काय बोलू. मी मारलं नाही त्याला, एवढं सांगतो.

तेव्हाचा_मी

काका, बोलू नका. रात्रपाळीला जाताना त्याला सांगून जा की जातोय, आल्यावर सांगा आलोय. मला तेवढंच हवं होतं. तो बोलेल. आणि हजेरीला पहिले दोनतीन आठवडे तुम्ही स्वतः न्या, आईला एकटं पाठवू नका. चालणार असेल तर एखाद्या आठवड्याला मीपण येतो, त्याला मी कोण ते सांगू नका, मीच सांगेन वाटलं तर.

रात्रपाळी

ये बाबा. शुक्रवारी अकराला

भाच्याची_आत्या

शुक्रवारी मला नाही जमणार, दुसऱ्या एका ताईंची तारीख आहे. पण दादा, त्या १९ वर्षांच्या मुलाच्या आईला माझा नंबर द्या, त्याचं मोठ्यांच्या कोर्टात आहे म्हणून काय झालं, बाहेर बसायला बाक तिथेही आहे. तिला १५१०० पण सांगा, बायकांना मोफत वकील मिळतो, आणि कोठडीत असलेल्यालाही.

आतापर्यंत सहा जणांनी निरोपातून सोबत यायची तयारी दाखवलीय, त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर काका आहेत आणि दोघी कॉलेजच्या मुली. त्यांना माझं एवढंच सांगणं, मुलाने काय केलं ते विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुठल्या घरासाठी गेलात ते आपल्या घरीसुद्धा सांगायचं नाही. पाणी न्या, पेन न्या, तारखेचा कागद दोनदा वाचून पुढची तारीख त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. लहान भावंडं असतील तर कोणीतरी घरी त्यांच्यापाशी थांबा.

पलीकडची_बाजू यांचा निरोप आलाय. बुधवारी त्यांच्या आईबरोबर भरपाईच्या अर्जासाठी जाते आहे, सातवी_ब पण येणार आहेत.

पलीकडची_बाजू

आईला सांगितलंय. ती विचारत होती तुम्ही कोण, म्हटलं माहीत नाही, पण येतायत.